बावीस नंबरातली मोजणी

जुन्या मैदानाला चार कोपरे होते, चारही उघडे.
तिथून आवाज सांडायचा
हिंदकळत्या बादलीतून सांडतो तसा,
कोळशाच्या मोडीत निघालेल्या रुळांवरून
थेट लोरेन गल्लीत, बावीस नंबरच्या स्वयंपाकघरात,
जिथे इर्मट्राउड काचमारेक
दर शनिवारी साडेतीनला बटाटे सोलायला बसायची.

खेळातलं आपल्याला काही कळत नाही, असं ती म्हणायची.
पण गोल आपला की परका
हे तिला रेडिओच्या आधी कळे.
आपला झाला की खिडकीची काच बोलायची.
परका झाला की आधी नुसता खड्डा,
आणि त्या खड्ड्याच्या तळातून, वायव्येकडून,
मूठभर माणसांची चिरकी आरोळी.
"रेडिओवाला मेला नेहमी शिळंच सांगतो."

मग आम्ही आलो.
काँक्रीटचा योर्न, काचेची फ्राउके, आवाजाची मी.
कंपनीत ओळख तशीच.

कोपरे बुजवले.
पायऱ्या चौतीस अंशांत उभ्या केल्या,
मागच्याचे गुडघे पुढच्याच्या मानेला लागतील इतक्या.
छप्पर खाली ओढलं, पोटातून गुळगुळीत पत्रा,
म्हणजे वर गेलेली हाक
भिंतीवर मारलेल्या चेंडूसारखी परत खाली,
नेमकी गोलकीपरच्या टाळूवर.
फक्त पाहुण्यांच्या कोपऱ्यावर, पत्र्याऐवजी,
चार बोटं जाडीचं लोकरी अस्तर.
नकाशात त्याचं नाव 'आगप्रतिबंधक'.
खोटं नाही ते.

रिकाम्या मैदानाच्या मधोमध उभी राहून
मी एक फुगा फोडला होता.
साडेतीन सेकंद तो फुटतच राहिला.
योर्न घाबरला. म्हटलं, थांब, माणसं भरू देत.
कोट, पोटं, मफलर.
माणूस जितका आवाज करतो
त्याहून जास्त पितो.

पहिल्याच सामन्यात पाहुण्यांच्या बचावपटूला
स्वतःच्या गोलकीपरचं ओरडणं ऐकू गेलं नाही.
शाबासकी म्हणून मला बिअर मिळाली,
अर्धी कुणाच्या तरी बाहीवरून.

गल्लीनं आधीच अर्ज दिला होता, आवाज आवरा. एकसष्ट सह्या.
इर्मट्राउडची नव्हती.
कायद्याप्रमाणे मग घरोघर मोजणी,
म्हणून मी बावीस नंबरात, मीटर ओट्यावर,
रेडिओ बंद, नियमच तसा,
आणि समोर ती, सालांचा ढीग, सुरी.

आकडा बेचाळीस. तोही फ्रिजचा.

"मैदान हलवलं का त्यांनी?"
तिथेच आहे, म्हटलं, चारशे मीटरवर.
"मग घर एवढं मोठं कशानं झालं?"

मला उत्तर माहीत होतं. आकड्यांत माहीत होतं.

चौपन्नाव्या मिनिटाला (हे मला नंतर कळलं)
मीटर बेचाळीसवरच.
पण कपाटात, नवऱ्याला खाणीनं निरोप देताना दिलेले
दोन ग्लास एकमेकांना लागले.
एकदा. मग पुन्हा, पुन्हा.

हवेतून नव्हे.
अठरा हजार माणसं एकदम उड्या मारतात
तेव्हा पायऱ्या खांबांना सांगतात, खांब खडकाला.
खडक इथला पोखरलेला, जुन्या बोगद्यांचा,
त्याचे कोपरे बुजवायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.
माझ्याही नाही.

इर्मट्राउडनं सुरी ठेवली. सपाता काढली.
मोज्यातला पाय फरशीवर दाबून धरला,
कपाळावर हात ठेवून ताप बघतात तसा.
"आपला," ती म्हणाली.
"परक्याला एवढं वजन नसतं."
आणि पुढचा बटाटा घेतला.

अहवालात एक रकाना असतो: 'कंपने, असल्यास.'
असल्यास खांबांखाली रबराच्या गाद्या सरकवायच्या,
माझ्याच शिफारशीनं, कंपनीच्या खर्चानं.

मी लिहिलं:
फ्रिज जुना आहे.