हरिपूरचं पेव

सुप्रभाची मेल आली : रुजू व्हायची तारीख पुन्हा पुढे.
कंपनीनं विमानं बदलली म्हणे,
ही जे शिकली ते आता त्यांच्याकडे उडत नाही.
नवं शिकायचं तर चौदा लाख. आपले.

मी मार्केट यार्डात हळद तोलतो.
रुमालाखाली बोटं दाबून ठरणारे भाव
तीस वर्षं ओळखत आलो,
पण हा रुमाल कुणी धरलाय
तेच दिसत नाही.

तिला म्हटलं, हरिपुरात पेवं होती,
जमिनीच्या पोटात, तोंड लिंपलेली.
हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड नाही.
भाव आला की काढायची.

"अण्णा, हळदीला दरवर्षी
मेडिकल द्यावं लागत नाही."

सध्या दुकानाचं जीएसटी तीच बघते.
लॉगबुकात दोनशे सहा तास.
रात्री गच्चीवर खुर्ची टाकून
डावी मूठ पुढे धरते, उजवी हवेतच
कसलासा दांडा मागे घेते,
आणि ओठांत भराभर यादी म्हणते.
तिच्या आईला वाटतं, णमोकार चाललाय.

काल पोती उतरल्यावर
काट्यावर जाऊन उभी राहिली.
"एक्कावन्न," मी म्हणालो.
"चालेल," म्हणाली,
आणि बराच वेळ
खाली उतरली नाही.