इंचातलं लेथ

शारजाच्या बाहेर वाळूत आमचं भंगाराचं आवार आहे,
त्या भागाचं नाव सजा.
पहिल्या महिन्यात फोनवर सांगितलं तर आई गप्प झाली,
मग म्हणाली, किती वर्षांची?
दोन, मी म्हणालो, व्हिसावर लिहिलंय तसं.

आज कंटेनरमधून लेथ उतरलं.
दहा फुटी बेड, अंगावर हिरव्या रंगाचे सात थर,
पितळी पाटीवर हॅलिफॅक्स, एकोणीसशे सात.
इतक्या लांब कसं आलं ते कागदावर नाही.
कागदावर फक्त वजन: अठराशे चाळीस किलो, मिश्र.

आधी पाटी काढायची. पितळेचा भाव वेगळा.
बाराचा पाना लावला, सैल. अकराचा, बसेना.
अरे, हे तर इंचातलं.
एक सुटा बोल्ट घेऊन आट्यांवर नख फिरवलं: पंचावन्न अंश.
आमचे साठ.
त्या पाच अंशांच्या फटीतून एक अख्खं साम्राज्य
आपले नट जगभर विकून गेलं,
आणि गेवराईचा नळवाला अजून अर्धा इंच म्हणतो.

आयटीआयला वाघचौरे सर होते.
फळ्यावर लेथ काढायचे, मग बाजूला दोन खांब आखायचे:
मजूर, कोळसा.
म्हणायचे, इंग्रजाला काही दोन डोकी नव्हती रे.
त्याच्याकडे माणूस महाग होता आणि कोळसा पायाखाली,
म्हणून त्याला यंत्र परवडलं.
आपल्याकडे सूत कातणारीचा दिवस इतका स्वस्त
की तिच्या जागी यंत्र मांडणं म्हणजे खुळेपणा.
मग त्याच यंत्राचं कापड बोटीतून आलं
आणि तिच्या दिवसाला भावच उरला नाही.
मी शेवटच्या बाकावरून विचारलं, परीक्षेला आहे का?
सर म्हणाले, नाही.
मी वही मिटली.

सर, इथे या एकदा.
इथे तेल पायाखाली, आणि माणूसही स्वस्त.
गुलझरीन खानच्या खणात
फोडणाऱ्या मशीनचं कोटेशन चार वर्षं पडून आहे.
दरवर्षी तो ते काढतो, कॅल्क्युलेटर दाबतो,
काचेतून आमच्याकडे बघतो:
सहा जण, एक खोली, व्हिसा, डाळ-भात.
परत खणात ठेवतो.
त्याचं गणित चुकत नाही, माणूसही वाईट नाही,
ईदला आम्हाला बूट देतो.
पण मला यंत्र चालवायला शिकवलं होतं तुम्ही,
आणि आता यंत्रापेक्षा मी स्वस्त.
हे कुठल्या खांबाखाली लिहू?

गिअरच्या झाकणाआत, काजळी पुसली तर, पंचने मारलेल्या खुणा.
चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी.
नगावर पैसे मिळणारा कुणीतरी,
मालकाच्या वहीवर भरवसा नसलेला.
मीही ओव्हरटाइम लिहितो, खोलीच्या दारामागे, खिळ्याने.
नुरुलने वाकून विचारलं, काय आहे, बायबल?
म्हटलं, हिशेब.

तीन वाजले. उन्हाची सरकारी सुट्टी संपली.
शाफ्ट आणि गिअर वेगळे काढले,
ते जालन्याच्या भट्टीत जातील, सळ्या होतील,
माझ्या आधी माझ्या घराजवळ पोचतील.
बेड मात्र बीडचा.
बीड गॅसने कापलं जात नाही, फोडावंच लागतं.
जिल्हा विचारला की मी हेच सांगतो,
इथे कुणाला त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही.

नुरुलने घण उचलला.
पहिल्या घावाला काही नाही.
दुसऱ्यालाही.
सतराव्याला आवाज बदलला,
आणि आत दिसलं राखाडी, कोरं,
काल संध्याकाळी ओतल्यासारखं.

ज्या तुकड्यावर पाटी, तो बाजूला ठेवलाय.
उद्या कुणाकडे तरी इंचाचा पाना मिळेल.