शाबास

चौथ्या दिवसापासून मी नोंद ठेवू लागलो:
देवघराच्या उंबऱ्याशी एकदा,
कपाटाखाली दोनदा,
आणि रविवारी, जावई जेवायला आले असताना,
त्यांच्या नव्या बुटात.

रायबंदरच्या धक्क्यावरून कुणाच्या तरी पिशवीतून
ती फेरीबोटीत चढली.
चोडणला पिशवी उतरली, ती राहिली.
खलाशी म्हणाला, ‘मास्तर, तुमी व्हरात हिका.’
छत्तीस वर्षं मराठी शाळेत काढलेल्या माणसाला
नाही म्हणायचं ते फक्त मुलांना, एवढंच येतं.
शशिकला असती तर तिने म्हटलं असतं.

नाव बिंबल. तोंड तसंच आंबट.

लाल कोब्यावर ओलं पटकन दिसत नाही,
पायाला कळतं.
मी नियम केले. नियम करणं माझ्या हातचं.
कोपऱ्यात वर्तमानपत्र अंथरलं,
ती अग्रलेखावर झोपली
आणि उठून शेजारच्या कोरड्या जमिनीवर
उरकून आली.
हात नाही उगारला. आवाज चढवला,
तोच, जो एकेकाळी शाळेबाहेरच्या
फणसावरचे कावळे उठवायचा.
ती जागच्या जागी चपटी झाली, कान मागे,
आणि माझ्याकडे बघत बघतच
तिच्याखालून एक बारीक ओहोळ
बलकांवाच्या पायरीकडे निघाला.

कुंपणापलीकडून एर्मेलिंदा:
‘आड्डूं नाकात मास्तर. तें भियेता, म्हूण मुतता.’
मग माडाच्या व्हिनेगरची बाटली आली,
निम्मं पाणी घालायचं, घासून पुसायचं,
वास उरला तर पुन्हा तीच जागा.
घराला तीन दिवस लोणच्याच्या बरणीचा वास.

असाच गुडघ्यांवर बसून पुसत होतो
आणि मध्येच तिसरी ‘ब’ आली.
मागचा बाक. सगुण च्यारी.
तेराचा पाढा, तेरा सत्ते,
आणि पुढे काहीच नाही,
फक्त बाकाखालून सरकत आलेलं पाणी.
वर्ग हसला. मी हसू दिलं.
फडकं त्यालाच आणायला लावलं.
पुढच्या सोमवारी त्याने पाढा घडाघडा म्हटला,
आणि पद्धत बरोबर आहे
असं मी माझ्या वहीत
लाल शाईने नाही, पण लिहिलंच.

आता पाच वाजता उठतो.
पोदेराचा भोंगा वाजायच्या आत
तिला घेऊन भेंडीच्या झाडाखाली उभा.
खाल्ल्यावर परत. झोपून उठली की परत.
रात्री टॉर्च घेऊन परत, खिशात सुकट,
खाजणावरचे डास माझ्या घोट्यांवर.
ती हुंगते. एक पान, एक दगड,
पुन्हा तेच पान.
कुणाचंही इतकं थांबून मी कधी
काही पाहिलं नव्हतं.

आणि परवा बसली. झाडाखाली. नीट.
मला शब्द सापडेना.
उत्तर बरोबर आलं की मी ‘पुढे’ म्हणायचो,
‘बस खाली’ म्हणायचो.
‘शाबास’, म्हटलं,
घोगऱ्या आवाजात, अंधारात,
एका सुकटीसह.
एर्मेलिंदाची खिडकी उघडी होती, असू दे.

फेरीवर खलाशी विचारतो, ‘कशें आसा तें?’
दोर ओढताना मान खाली,
टकलाला बाजूने पांढरे केस,
तरी डाव्या भुवईवरचा तो व्रण मला माहीत आहे.
‘बरें आसा, सगुण,’ मी म्हणतो.
आणखी काही बोलायचं असतं,
पण फळी धाडकन उतरते, स्कूटर पुढे ढकलतात,
मागचा माणूस हॉर्न देतो.

घरी आलो तर न्हाणीपुढच्या पायपुसण्यावर
डबकं.
बिंबल दाराआड,
आवाजाची वाट बघत.

मी बाटली काढली.
‘चल,’ म्हटलं, ‘आधी बाहेर जाऊन येऊ.’