एकशे बासष्ट

नवरात्रातली सातवी रात्र. पावणेबाराला
कॅल्गरीहून निनाद फणसेचा फोन:
"डॉक्टरकाकू, बाबांचे ठोके एकशे बासष्ट.
तासभर झाला. उतरतच नाहीयेत."
तिकडे भरदुपार. त्याच्या डब्याशेजारी
बापाचं काळीज हिरव्या रेघेत धडधडतंय.

मी बॅग उचलली. चपला कुठल्या घातल्या देव जाणे.
दांडिया बाजारातून स्कूटी काढायची म्हणजे
घागऱ्यांच्या घेराकडे वाट मागायची.
"जवा दो, डॉक्टरबेन छे," कुणी ओरडलं.
गर्दी तेवढ्यापुरती दुभंगली
आणि माझ्यामागे मिटली.

दार नुसतं लोटलेलं. फणसेकाका गाढ,
पोटावर हात, घोरणं शिस्तीतलं,
रेल्वेच्या हिशेबखात्यात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाचं.
मनगट मोकळं.
घड्याळाच्या जागी पट्ट्याचा गोरा ठसा,
जुनं कॅलेंडर काढल्यावर भिंतीवर उरतो तसा.

"हेतलला दिलंय," उठून बसले,
कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखे.
"वरच्या मजल्यावरची. म्हटलं, नऊ रात्री बांधून नाच.
हा रोज विचारतो, बाबा, पावलं सहाशेच का?
पाठवली एकदाची चौदा हजार.
काय खूश झाला परवा!"

मी हसले. खूप हसले.
दवाखाना उघडला तेव्हा लोक यायचे,
छातीवर हात ठेवून म्हणायचे, "कसंतरी होतंय."
त्या कसंतरीची फोड करणं
एवढंच तर माझं काम होतं.
आता आलेख घेऊन येतात, झोपेचे तास दशांशात.
कसंतरी कुणाला होतच नाही.
मी चष्मा पुसते, आकडे वाचते,
आणि त्यांनी आधीच वाचलेलं त्यांनाच सांगते.

सवयीनं तीन बोटं टेकली त्या गोऱ्या ठशावर.
माझं किल्लीचं घड्याळ, त्याचा सेकंदकाटा.
नऊ, दहा, अकरा, बारा.
मग काहीच नाही.
मग तेरा, जरा जोरात.
बाहेर ढोल एक मात्रा चुकत नव्हता.
पुन्हा मोजलं. या खेपेला एकोणिसावर.

"काका, जिना चढताना?"
त्यांनी खिडकीकडे पाहिलं.
"कसंतरी होतं," म्हणाले.

फोन थरथरला. एकशे अडुसष्ट! काकू, पोचलात का?
पोचले, लिहिलं.
काळजी करू नकोस, लिहिलं आणि खोडलं.
ते एकशे अडुसष्ट ठणठणीत आहेत,
एकोणीस वर्षांचे आहेत, चनिया-चोळीत आहेत,
हेही लिहिलं. खोडलं.

"त्याला सांगू नका हं," काका पुटपुटले.
कुठलं, ते मी विचारलं नाही.
"सकाळी आठला या. ईसीजी काढू.
चहा घेऊन या, उपाशी नको."

बोटं अजून तिथेच होती.