रकाना क्रमांक चार

पाकिटावर तिनं लाल शाईनं लिहिलं होतं: गोपनीय.
मी शिक्का मारला, तारीख टाकली,
आवक क्रमांक ४११७.
मग नोंदवहीत चौथा रकाना आला,
अर्जदाराचे नाव.
रकाना रिकामा सोडायचा नसतो,
सव्वीस वर्षांच्या नोकरीनं एवढं तरी शिकवलेलं.
पाकीट उलटं करून लिहिलं:
श्रीमती इंदुमती बेंडकोळी, प्रयोगशाळा सहायक.
माझं अक्षर सुरेख आहे.
टेबलापलीकडून उलटंही वाचता येतं.

तक्रार काय होती ते मला तीनच्या चहाला कळलं,
चहावाल्या पोराकडून.
पाण्यात औषधाचे थेंब टाकले की
क्लोरीन असेल तर पाणी पिवळं पडतं.
सात गावांचं पाणी पिवळं पडलं नाही.
नितळ राहिलं,
बघणाऱ्यानं ओंजळ भरून प्यावं असं.
मग तिनं गोदामातली गोणी उसवली.
पावडरीच्या गोणीत चुना.
लोक लावतात तो चुना डोळ्यांना दिसत नाही,
हा काट्यावर मोजलेला, पावतीसकट, तीन सह्यांचा.

साडेचारला ठेकेदाराचा फोन तिच्या घरी.
शुक्रवारी बदली, पेठच्या पलीकडे,
जिथं प्रयोगशाळेची फक्त पाटी आहे.
“तुमचं गाव त्याच अंगाला ना? बरंच झालं,”
साहेब हसले. आम्हीही हसलो,
हसण्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

जिन्यात कुणीतरी म्हणालं, दुतोंडी बाई.

त्या ऑगस्टात गोदेला पूर आला.
मी रामकुंडावर गेलो, सगळं नाशिक जातं तसा,
पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय बघायला.
गुडघ्याला होतं तेव्हा लोक फोटो काढत होते,
कमरेला आलं तशी टपऱ्या हलल्या,
छातीला लागलं तेव्हा काठ गप्प झाला.
एक तोंड येणाऱ्या पाण्याकडे,
एक तोंड, पाणी जिथं शिरणार त्या वस्तीकडे.
त्याला कुणी चहाडखोर म्हणालं नाही.
पूर दाखवला म्हणून
त्याची बदली कुणी केली नाही.
नारोशंकराची घंटा मात्र मुकी होती.
म्हणतात, पाणी तिथं पोचलं तर ती आपोआप वाजते.
तेव्हा वाजून
कुणाला उठवणार?

आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे, जागल्या.
हाळी त्याची, झोप गावाची,
आणि राहायचं त्यानं वेशीबाहेर.
शब्द सांभाळला आपण. वेसही सांभाळली.

मी टिपणी सादर केली:
चौथ्या रकान्यात नाव नको, क्रमांक असावा.
नावाचा कागद वेगळ्या पेटीत, पेटीला दोन किल्ल्या,
त्यातली एक या इमारतीबाहेर.
चौकशी संपेपर्यंत बदली नको.
सात टेबलं फिरून टिपणी परत आली,
समासात हिरवी शाई: ‘चर्चा करावी.’
केली. तीनदा.
तिसऱ्यांदा साहेबांनी चष्मा काढला,
“गायधनी, तुम्हाला कुणी काही केलंय का?”
म्हटलं, नाही साहेब.
मी केलंय.

पेटी आली. किल्ली एकच आली.
दुसरीचा पत्रव्यवहार चालू आहे.
रकान्यावर मी स्वतःच कागद चिकटवलाय, खळीनं,
लेखापरीक्षणात आक्षेप निघेल, निघू दे.

बेंडकोळीबाईंना पत्र लिहायला घेतलं होतं.
‘महोदया’च्या पुढं गेलं नाही.

काल दुपारी खिडकीतून एक पाकीट आत आलं.
लाल शाई. बोटांवर शाईचाच डाग,
मनगटावर काळा दोरा, एवढं दिसलं,
तिथं मी डोळे थांबवले.
क्रमांक टाकला, पोच दिली.
लोक वर्षानुवर्षं म्हणत आलेत,
आवकचा हा गायधनी मान वर करून बघत नाही.
काल पहिल्यांदाच
मी ती मुद्दाम खाली ठेवली.