शिंगं

गंगावेशीत, दूध कट्ट्यावर
वीस रुपयाला सोळा पानं विकतो मी.
झेरॉक्सची. पिना माझ्याच हातच्या.
नायिका म्हैस, नाव सुंदरा.
खड्ड्यात बसते,
नगरसेवक उठवायला येतात.

इराप्पा गवळी चरवी खाली ठेवून
पान उलटतो. हसत नाही.
‘आखूड काढलीस की रं शिंगं.’

‘चौकटीत मावत नव्हती.’

‘मग चौकट मोड की, मर्दा.
म्हशीचं कशाला कापतोस?’

पान सातवर
त्याच्या ओल्या बोटाचा ठसा.

रात्री टाक बुडवला.
एक शिंग तिसऱ्या चौकटीतून निघालं,
चौथीतल्या साहेबांच्या भाषणाचा
फुगा फोडून
समासात गेलं.

शब्द सगळे खाली सांडलेत.
आता पुढच्या अंकात
ते गोळा करायला
कुणाला पाठवू?