रबरबँड

ऑर्व्हिल टिब्सचं सलून
आता डेट्रॉइटच्या हायवेखाली आहे,
तिसऱ्या लेनच्या आसपास.
तिथं अख्खा हिवाळा मी एकच सूर फुंकला,
सगळ्यात खालचा, म्हशीसारखा.
गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा धरून टिब्स म्हणायचा,
"चालवता कुणालाही येतो.
उचलायचा कुठं, ते शिक."

सॅक्सोफोनच्या एका चावीची स्प्रिंग तुटली
तेव्हा त्यानंच रबरबँड लावून दिलं,
तात्पुरतं.
एकोणचाळीस वर्षं झाली.
रबर बदलतो.
स्प्रिंग बसवत नाही.

काल ऑस्लोत, ऐन सोलोत
थांबलो. चार ठोके.
पाचवाही जाऊ दिला.
ड्रमर घाबरून बघायला लागला.
गालावरचा साबण
कुणीतरी हलकेच पुसला,
खुर्ची फिरवली,

मग वाजवलं.